खेळणाऱ्यांनी लिहिलेला कोश : प्रस्तावना

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमधली मुलं गेमबद्दल आपसांत जे मराठी बोलतात, ते अजून कुठे लिहून ठेवलेलं सापडत नाही. मानपाड्यापासून ओवळ्यापर्यंत कुठल्याही संकुलात संध्याकाळी सातनंतर खाली उतरा. पार्किंगच्या कठड्यावर चार-पाच जण मोबाइल आडवे धरून बसलेले असतात आणि कानावर पडतं : "झोन तळाकडे सरकतोय, ब्रिजवर कोणीतरी कॅम्प करून बसलंय, बोटीने जाऊया." पबजीतला एरँगलचा नकाशा खेळलेल्याला एवढं पुरतं. दक्षिणेच्या बेटावर लष्करी तळ आहे, मुख्य भूमीशी त्याला जोडणारे पूल दोनच, आणि झोन तळावर आला की त्या पुलांवर दबा धरून बसणारे असणारच. मुलांनी हे पुस्तकात वाचलेलं नाही. कितीतरी वेळा पुलावर मार खाल्ल्यावर ते अंगवळणी पडलंय. मोठा भाऊ धाकट्याला सांगतो, धाकटा वर्गातल्या मित्राला. मग दहावी-बारावी येते, गेम मोबाइलवरून काढून टाकला जातो, आणि त्याबरोबर ते सगळं जातं.

ते जाऊ नये म्हणून ही पुस्तिका आहे. एखादा गेम खेळणाऱ्यांनीच मिळून त्या गेमचा विकी मराठीत कसा उभा करायचा, म्हणजे कोणालाही वाचता येईल, कोणालाही भर घालता येईल आणि चूक दिसली तर कोणालाही दुरुस्त करता येईल असा कोश कसा बांधायचा, हे पुढच्या प्रकरणांमध्ये पायरीपायरीने सांगितलं आहे. सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं, पहिली पानं कुठली लिहावीत, चित्रं कुठली वापरता येतात, भांडण झालं तर काय करावं, हे सगळं तिथे मिळेल. ही खटपट करण्यासारखी का आहे आणि ती कुठे फसते, एवढंच प्रस्तावनेत मांडतो.

पालकांचा पहिला प्रश्न मला माहीत आहे. पोरगा खेळण्यात वेळ घालवतोच, आता त्यावर लिहिण्यातही घालवणार का? माझं उत्तर आहे, जरूर घालवू द्या. विकीचं एक धड पान लिहायला निरीक्षण करावं लागतं, मोजावं लागतं, नेमकं वाक्य लिहावं लागतं आणि कोणी हरकत घेतली तर पुरावा द्यावा लागतो. शाळेच्या प्रकल्पवहीत यातलं फार थोडं घडतं. दुसरी भीती पैशांची असते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता मिळाली. या पुस्तिकेत पैसे लावायच्या खेळांना जागा नाही. इथे गेम म्हणजे ज्यात नकाशा आहे, गोष्ट आहे, कौशल्य आहे, शिकण्यासारखं आणि सांगण्यासारखं काही आहे, तो खेळ.

कोश रचणं मराठीला नवं नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि विसावा २०१५ मध्ये. या कामांपुढे मी नम्र आहे. पण गेमला ही चाल परवडत नाही. गेम दर एक-दोन महिन्यांनी बदलतो. संपादक मंडळाने नोंद मागवून, तपासून, छापून आणेपर्यंत एखाद्या बंदुकीचा मार कमी झालेला असतो आणि नकाशातलं गाव नाहीसं झालेलं असतं. इथे कोश बदलणाऱ्या गोष्टीच्या मागोमाग धावायला हवा, आणि तेवढे पाय फक्त खेळणाऱ्यांच्या जमावाकडे असतात.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिला विकी अमेरिकेत २५ मार्च १९९५ रोजी खुला केला, तो प्रोग्रॅमरांसाठी. त्याच वर्षी नोव्हेंबरात गेमएफएक्यूज सुरू झालं. तिथे गेम कसा पार करायचा याच्या लांबलचक मजकुरी मार्गदर्शिका ठेवल्या जात आणि प्रत्येकीवर एकेका लेखकाचं नाव असे. त्या मेहनतीने लिहिलेल्या होत्या, पण लेखकाला कंटाळा आला की मार्गदर्शिका तिथेच थांबायची. २००१ मध्ये विकिपीडिया आला, १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया आला, आणि त्याच सुमारास गेमवाल्यांच्या लक्षात आलं की एका लेखकाच्या मार्गदर्शिकेपेक्षा हजार हातांची पानं जास्त टिकतात. माइनक्राफ्टचं उदाहरण बोलकं आहे. त्या गेममध्ये कुदळ करायची तर वरच्या ओळीत तीन फळ्या आणि मधल्या उभ्या रांगेत दोन काठ्या मांडाव्या लागतात. पण संगणकावरच्या आवृत्तीत कितीतरी वर्षं गेम हे कुठे सांगतच नव्हता. कृतींची वही गेममध्ये आली ती २०१७ मध्ये, १.१२ या आवृत्तीत. तोवर जगभरची मुलं एका खिडकीत गेम आणि दुसऱ्या खिडकीत विकी उघडून खेळत होती. म्हणजे गेमचा अर्धा भाग खेळणाऱ्यांनी लिहिलेला होता, असं म्हटलं तरी चालेल.

पान कसं घडतं हे एका नमुन्यावरून दाखवतो. समजा पबजीतल्या 'कार९८' या रायफलीच्या पानावर कोणी लिहिलं : "डोक्यात एक गोळी, विषय संपला." वाक्य फक्कड आहे, पण कोशाला पुरेसं नाही. दुसरा विचारतो, हेल्मेट कुठलं होतं? लेव्हल दोनचं असेल तर एका गोळीत समोरचा नॉक होतो, लेव्हल तीनचं असेल तर वाचतो. तिसरी विचारते, हेल्मेटने आधीच मार खाल्ला असेल तर? चौथ्याला अंतराची शंका येते. मग तिघं कस्टम रूम काढतात. एक हेल्मेट घालून उभा राहतो, दुसरा जवळून आणि लांबून गोळ्या मारतो, आणि तिसरा स्क्रीन रेकॉर्ड करतो. शेवटी पानावर जे राहतं ते असं : शाबूत लेव्हल दोन हेल्मेटवर एक गोळी पुरते, शाबूत लेव्हल तीनवर पुरत नाही, तपासलं कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या तारखेला, ही रेकॉर्डिंग. पहिल्या मुलाचं वाक्य गेलं, पण पानाच्या इतिहासात ते आणि त्याचं नाव दोन्ही कायम राहिलं. विकीत काहीही पुसलं जात नाही, नवं जुन्यावर चढतं, आणि हवं तेव्हा मागे जाता येतं. म्हणूनच कोणालाही लिहू देण्याची हिंमत करता येते.

आवृत्ती आणि तारीख यांवर या पुस्तिकेने फार भर दिला आहे, तो योग्य आहे. घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला हे पटवून द्यावं लागणार नाही. मेट्रोच्या खांबांमुळे आणि रस्त्याच्या कामांमुळे इथे पत्ता सांगताना प्रत्येक वाक्यात 'सध्या' घालावा लागतो. गेल्या पावसाळ्यातला यू-टर्न या पावसाळ्यात असेलच असं नाही. गेमच्या विकीवर तारीख नसलेली माहिती तशीच असते. ती चुकीची असेल असं नाही, पण तिच्यावर विसंबून निघता येत नाही.

आता भाषेकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त आस्था त्याच बाजूची आहे. या गेमांचे इंग्रजी विकी आहेतच, मग मराठीत कशाला, असं विचारणारे घोडबंदर रोडवर पुष्कळ भेटतील. इथली बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात. पण ती खेळताना कुठल्या भाषेत ओरडतात ते ऐका. "अरे मागे बघ, मागे!" हे मराठीत येतं. डावपेच मराठीत ठरतात, हरल्यावरची उलटतपासणी मराठीत होते. ज्या भाषेत विचार होतो त्या भाषेत लिहिता आलं नाही, तर ती भाषा हळूहळू घरच्या स्वयंपाकघरापुरती उरते. आणि शहापूर-मुरबाडकडची, कल्याणच्या पलीकडची मुलंही हेच गेम खेळतात; त्यातल्या अनेकांना इंग्रजी पान वाचणं जड जातं. त्यांच्या मोबाइलवर मराठी पान उघडलं तर ती नुसती वाचणार नाहीत, भरही घालतील.

शब्द कुठले वापरायचे यावर वाद होतील, होऊ द्यावेत. माझं मत सांगतो. झोन, लूट, ड्रॉप, रश, नॉक, रिव्हाइव्ह हे शब्द मुलांच्या तोंडी पक्के बसलेत. त्यांच्या जागी संस्कृत प्रतिशब्द घडवून पानाचं पान परकं करू नये. पण वाक्याचा सांगाडा मराठी हवा. कोशाच्या कामकाजाचे शब्द मात्र नव्याने शोधायची गरज नाही, मराठी विकिपीडियाने ते घडवून ठेवलेत. एकाच ठेवणीच्या पानांसाठी साचा, सराव करायला धूळपाटी, सगळ्यांनी बोलायची जागा चावडी, देखरेख करणारा प्रचालक, नासधूस म्हणजे उत्पात. हे शब्द वीस वर्षं वापरून घासले गेलेत, ते तसेच उचलावेत.

देवनागरीची एक अडचण इंग्रजी विकीला कधी येत नाही, ती आपल्याला रोज येणार. 'एरँगल' लिहायचं की 'इरँगल' की 'एरेंगल'? 'पोचिंकी' की 'पोचिन्की'? शोधणारा आपल्या कानाप्रमाणे लिहितो आणि पान मिळत नाही म्हणून परत जातो. यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. एक रूप ठरवायचं आणि बाकी सगळ्या रूपांची पुनर्निर्देशनं, म्हणजे ठरलेल्या पानावर नेणारे दुवे, करून ठेवायची, रोमन लिपीतल्या नावासकट. नव्या विकीवर लेखांपेक्षा पुनर्निर्देशनं जास्त झाली तरी हरकत नाही. वाचक पानापर्यंत पोचला पाहिजे.

साचा म्हणजे काय, हे शिकायला लांब जायला नको. डोंबिवलीच्या ट्रेकक्षितिज संस्थेने महाराष्ट्रातल्या किल्ल्यांची माहिती मराठीत मांडून ठेवली आहे. तिथलं किल्ल्याचं कुठलंही पान काढा. पाहण्याची ठिकाणं, पोहोचण्याच्या वाटा, राहण्याची सोय, जेवणाची सोय, पाण्याची सोय, जायला लागणारा वेळ, हे मथळे प्रत्येक किल्ल्याला तेच. त्यामुळे वाचणाऱ्याला कुठे काय बघायचं हे दुसऱ्या पानापासून पाठ होतं आणि लिहिणाऱ्याला काय विसरलं हे आपोआप दिसतं. टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे ठाऊक असणारा माणूस इतिहासकार असायला लागत नाही; तो नुकता जाऊन आलेला असावा लागतो. गेमच्या नकाशातल्या गावाचं पान असंच बांधता येतं : कुठे उतरायचं, गाडी कुठे मिळते, लूट किती, कुठून बाहेर पडायचं, धोका कुठून. भटक्यांनी जे किल्ल्यांसाठी केलं, ते आपल्याच उपनगरांत, आपल्याच भाषेत झालं आहे.

नोंद ठेवण्याची निकड किती आहे, हे पबजीने या पिढीला शिकवलं. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने शंभरावर इतर ॲपसोबत पबजी मोबाइलवर बंदी घातली. २ जुलै २०२१ ला तो बीजीएमआय नावाने परतला, २८ जुलै २०२२ ला पुन्हा दिसेनासा झाला, आणि मे २०२३ मध्ये परत आला. गेम दोनदा हातातून गेला. या सगळ्या वर्षांत भारतीय खेळाडूंनी काय खेळलं, कुठली स्पर्धा कोणी जिंकली, कुठला डाव कसा टाकला, यातलं बरंचसं व्हिडिओंमध्ये विखुरलं आहे आणि चॅनेल बंद झालं की तेही जातं. गेम सर्व्हरवर चालतो. कंपनीने सर्व्हर बंद केला की शिल्लक राहतं ते लिहिलेलंच.

पण पहिला विकी पबजीसारख्या अवाढव्य गेमचा करू नका, असं पुस्तिकेत सुचवलं आहे, आणि मी त्याला दुजोरा देतो. त्यापेक्षा पुण्यात तयार झालेला 'राजी : अॅन एन्शंट एपिक' घ्या. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने तो केला आणि २०२० मध्ये तो बाजारात आला. राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याला सोडवायला महाबलासुराच्या मागावर निघते. दुर्गा आणि विष्णू तिची वाटचाल बघत आपसांत बोलतात, आणि गोष्ट त्या बोलण्यातून उलगडते. वाड्यांची बांधणी राजस्थानी आहे, चित्रांची धाटणी पहाडी लघुचित्रांची. हा गेम काही तासांत संपतो, म्हणून त्याचा कोशही संपवता येतो. इथे मराठी वाचकाला असं काही लिहिता येईल जे परदेशी विकीवर येणं अवघड आहे. भिंतीवरच्या चित्रातली कथा कुठल्या पुराणातली, शस्त्राचं नाव कुठून आलं, मंदिराचा कुठला भाग कल्पित आणि कुठला खरा, याची उत्तरं ठाण्यातल्या एखाद्या आजीलाही देता येतील. नातू खेळतोय आणि आजी तळटीप सांगतेय, असं पान मला वाचायला आवडेल.

आता मालकीबद्दल. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. पहिलं पान लिहायच्या आधी ठरवा की विकी कोणाचा.

वॉरक्राफ्ट या गेमचा इतिहास प्रत्येक नव्या संपादकाने वाचावा. नोव्हेंबर २००४ मध्ये चाहत्यांनी वॉववीकी सुरू केला. तो वाढला आणि २००७ मध्ये विकिया या कंपनीकडे गेला, जी पुढे फँडम झाली. कंपनीने पानांची मांडणी आपल्या सोयीने बदलली, तेव्हा २०१० मध्ये संपादक मंडळी उठली आणि सगळा मजकूर घेऊन वॉवपीडिया नावाने दुसरीकडे गेली. २०१८ च्या अखेरीस फँडमने ती दुसरी जागाही विकत घेतली. म्हणजे जिच्यापासून दूर गेले त्याच कंपनीच्या दारात ते परत येऊन पडले. २०२३ मध्ये ते पुन्हा उठले आणि वॉरक्राफ्ट विकी म्हणून तिसऱ्या ठिकाणी बसले. त्याच वर्षी माइनक्राफ्टचा विकीही फँडममधून बाहेर पडला; रूनस्केपचा त्याआधीच, २०१८ मध्ये, गेला होता. कारणं सगळीकडे तीच. जाहिरातींनी झाकलेली पानं, वाचकाला नको असलेले व्हिडिओ, आणि ज्यांनी लिहिलं त्यांना न विचारता घेतलेले निर्णय.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, ही मंडळी मजकूर सोबत नेऊ शकली, कारण तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली लिहिलेला होता. श्रेय द्या, त्याच अटींवर पुढे वाटा, आणि हवं तिथे न्या. परवाना नसता तर वीस वर्षांची मेहनत तिथेच सोडून यावी लागली असती. दुसरी, निघून जाणं फुकट पडत नाही. जुना विकी तसाच उभा राहतो, शोधयंत्रात वर्षानुवर्षं तोच वर येतो, आणि वाचक शिळ्या पानांवर जात राहतात. म्हणून सुरुवातीलाच जागा नीट निवडा. मीडियाविकी हे विकिपीडियाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. डोमेनचं नाव एकाच मुलाच्या खात्यावर ठेवू नका. तो उद्या शिकायला परदेशी जाईल. दर महिन्याला सगळ्या विकीची प्रत उतरवून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि ध्यानात असू द्या, हा परवाना तुमच्या शब्दांना लागू होतो. गेममधली चित्रं आणि संगीत कंपनीचंच असतं, ते जपून आणि गरजेपुरतं वापरायचं.

माणसं टिकवणं सर्वांत कठीण. पहिल्या सुट्टीत उत्साह उतू जातो, दुसऱ्या सत्रपरीक्षेत चावडी ओस पडते. यावर जादूचा उपाय नाही, पण एक अनुभवसिद्ध गोष्ट आहे. ज्या विकीवर नव्याचं पहिलं संपादन कोणीतरी सभ्य शब्दांत दुरुस्त करून 'हे असं करतात' म्हणून दाखवतं, तिथे नवे टिकतात. जिथे ते गुपचूप उलटवलं जातं, तिथे ते परत येत नाहीत. प्रचालकाने आपण पहारेकरी आहोत असं समजू नये. आणि प्रचालक नेहमी तीन-चार असावेत, वेगवेगळ्या वयांचे, म्हणजे सगळ्यांची परीक्षा एकाच आठवड्यात येत नाही.

ठाण्याला अशा कामाची सवय आहे. विनायक लक्ष्मण भाव्यांनी पुढाकार घेऊन १८९३ मध्ये इथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापलं. पुस्तकं गोळा करायला तेव्हा सरकारचा हुकूम नव्हता आणि नफाही नव्हता. गावातल्या वाचणाऱ्यांनी गावासाठी ते केलं आणि पुढच्यांनी चालू ठेवलं. मराठीत सांगण्यासारखं ज्ञान कुठलं, याची यादी तेव्हापासून बरीच लांबली आहे, आणि गेम तिच्यात आहेत.

ज्यांनी ही पुस्तिका लिहिली ती मुलं-मुली कासारवडवली, वाघबीळ, आनंदनगर या भागांत राहतात, खेळतात आणि आता लिहूही लागली आहेत. त्यांनी माझ्याकडे हस्तलिखित दिलं तेव्हा मला त्यातलं स्पष्ट, गाळीव मराठी वाचून मनापासून आनंद झाला. वाचकांना माझी एकच विनंती आहे. पुस्तिका शेवटपर्यंत वाचून मग सुरुवात करू, असं म्हणू नका. तिसऱ्या प्रकरणाशी थांबा, धूळपाटीवर जा आणि तुम्हाला पक्कं ठाऊक असलेल्या एका जागेचं, एका शस्त्राचं किंवा एका पात्राचं पान लिहा. पाच ओळी पुरेत. खाली आवृत्ती आणि तारीख टाका आणि जतन करा.